अंतिम अहवाल, इमारत क्रमांक एकोणतीस

अनुदान: पंच्याऐंशी हजार रुपये फक्त.
उद्दिष्ट: मानखुर्दच्या सात मजली इमारतीत,
जिथली लिफ्ट उद्घाटनाच्या आठवड्यातच बंद पडली,
जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक बाक,
भिंतीत बोल्ट मारून बसवलेला, दुमडता येणारा,
म्हणजे म्हाताऱ्यांना टेकत टेकत
खाली उतरता येईल.

मी दोन दिवसांच्या मानधनावर आलेला मूल्यमापक.
माझ्याकडे चौदा पानांचा फॉर्म आहे
आणि एक गुडघा, जो तिसऱ्या मजल्यापासून
आपलंही म्हणणं नोंदवू लागतो.

मंजूर बाक चौदा, जागेवर अकरा.
एक जैतुनबीच्या नातीच्या लग्नात मांडवात गेला,
पाहुण्यांबरोबर कल्याणला पोचला म्हणतात.
एक भंगारात गेला. कुणी घातला ते सगळ्यांना माहीत आहे.
‘नाव लिहू नका,’ म्हणाल्या केराबाई लोंढे, मंडळाच्या खजिनदार,
‘त्याची आई सहाव्यावर राहते.
तिथंच उभी राहून दम खाते आता.’
तिसऱ्याचं विचारलं
तेव्हा कुकरची शिट्टी झाली.

केराबाईंची वही चौकटीची, शाळेतली.
ड्रिल मशीनचं भाडं तीनशे.
बोल्ट, छप्पन नग, पावती टाचणीने लावलेली.
मुरुगनचा चहा चाळीस. चहाला पावती नाही,
म्हणून तो त्यांनी पदरचा धरलाय,
तसं लिहून, खाली सही करून.
शिल्लक एक हजार तीनशे.

फॉर्म विचारतो: लाभार्थी किती?
संध्याकाळी साडेचार ते सात
मी चौथ्या मजल्याखालच्या वळणावर उभा राहून मोजतो.
दहावीतली एक मुलगी, भूमितीसकट,
कारण इथल्या दिव्याचं बिल सोसायटी भरते.
एक गॅसचा सिलिंडर, पाहुण्यासारखा बाकावर बसवलेला,
आणि त्याचा हमाल, पायरीवर.
दोन बायका, गटारावरून अबोला धरलेल्या:
एक बसली, दुसरी उभीच राहिली,
पण उभीची पिशवी बसलेलीच्या मांडीवर.
एक मांजर, बराच वेळ.
म्हातारे दोन.
दोन हा आकडा चांगला दिसत नाही,
मी पेनाने गिरवून तो जरा ठळक केला.

पाचव्या मजल्यावर दशरथ पाष्टे,
वय एकोणऐंशी, दार उघडंच.
‘उतरता का आता खाली?’
‘कशाला? खाली काय ठेवलंय?’
मी रकान्यात ‘नाही’ लिहायला वाकलो
तेव्हा ते म्हणाले,
‘पण रहिमतुल्ला येतो.
जुन्या झोपडपट्टीतला शेजारी माझा, सत्तावीस नंबरात दिलंय त्याला.
चार वर्षं खाली उभा राहून हाका मारायचा,
मी गॅलरीतून हात करायचो.
आता दर मंगळवारी चढतो.
आठ बाक, पाऊण तास.
आला की दहा मिनिटं नुसता श्वास घेतो,
मग आम्ही बिल्डरला शिव्या देतो.’

फॉर्मवर ‘खाली उतरलेले’ असा रकाना आहे.
वर चढलेल्यांना जागा नाही.
मी पान उलटून पाहिलं, मागेही नव्हती.

टिकाऊपणा: खाडीची हवा, बोल्टांना तांबेरा धरू लागलाय.
परिणाम, अडीचशे शब्दांत: रहिमतुल्ला
एकशे नव्वदमध्येच पाचव्या मजल्यावर पोचले,
उरलेल्या साठात मी त्यांना श्वास घेऊ दिला.
शिफारशी:
मी लिहिलं, लिफ्ट.
फॉर्मने नाकारलं. किमान पन्नास अक्षरं हवीत.
लिफ्ट दुरुस्त करावी, असं लिहिलं. तरी कमी पडली.

रात्री पावणेअकराला केराबाईंचा फोन.
‘ते तेराशे परत करायचे ना?
कुठल्या खात्यात भरू सांगा,
उद्या बँकेला सुट्टी आहे
आणि घरात ठेवले
की मला झोप लागत नाही.’